पुस्तकयात्रेचें कौतुक पुरे

हल्लीं आमच्या सुशिक्षित वर्गांत एका नव्या यात्रेचा प्रघात पडत चालला आहे. सुटीच्या दिवशीं माणसानें एकट्यानेंच मुंबईस किंवा पुण्यास जावें, दादर, गिरगांव, फोर्ट अगर अप्पा बळवंत चौक येथील पुस्तकांचीं दुकानें दिवसभर धुंडाळावीं, मध्यें कोठें तरी चहा घ्यावा, आणि सायंकाळीं जड पिशवी व हलकें मन घेऊन परत फिरावें. मग या प्रवासाचें रसभरित वर्णन लिहावें, आणि तें वाचून इष्टमित्रांनीं माना डोलवाव्या. पंढरीच्या वारीला निदान दिंडीची सोबत असते. ही वारी एकट्याची, म्हणून ती अधिकच सात्त्विक गणली जाते.

या यात्रेची निंदा करण्याचा माझा हेतु नाहीं. मी स्वतः ती वर्षानुवर्षें करीत आलों आहें आणि पाय चालतील तोंवर करीन. माझा आक्षेप आहे तो तिच्या कौतुकावर. जें पुस्तक आपल्या गांवांत, फार तर आपल्या तालुक्याच्या ठिकाणीं, हातांत घेऊन चाळतां आलें पाहिजे, त्यासाठीं पांचशें किलोमीटरांची रपेट करावी लागणें ही गोष्ट रम्य नसून लाजिरवाणी आहे. दुष्काळांत पाण्यासाठीं दोन कोस चालणाऱ्या बाईच्या डोक्यावरील हंड्याचें चित्र कितीहि सुरेख उतरलें, तरी तें पाहणाऱ्यानें गांवांत विहीर कां नाहीं हें विचारावयास विसरूं नये. नेमका तोच विसर आमच्या पुस्तकयात्रेकरूंना पडला आहे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे तालुके १३, आणि २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें लोकवस्ति सुमारें २६ लाख. साक्षरांचें प्रमाण शेंकडा ऐशींच्या वर. जिल्ह्याच्या मुख्य गांवीं रेल्वे नाहीं हें खरें. परंतु उत्तरेच्या अंगानें मुंबई-नागपूर लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगांव असा जातो, आणि दक्षिणेकडे सिंदखेड राजा व मेहकर या तालुक्यांतून समृद्धि महामार्ग गेला आहे. महाविद्यालयें आहेत, पतपेढ्या आहेत, सराफांच्या पेढ्या आहेत, मोटारगाड्यांचीं कांचेचीं दालनें आहेत. पुस्तकांचीं दुकानेंहि आहेत असें कोणी म्हणेल, आणि पाटीवरून पाहतां तें खरेंहि आहे. 'बुक डेपो' ही पाटी प्रत्येक मोठ्या गांवांत दिसते. आंत शिरल्यावर मात्र बहुधा दिसतात तीं क्रमिक पुस्तकें, गाईडें, वह्या, कंपासपेट्या, स्पर्धापरीक्षांचे गठ्ठे, आणि जून महिना असेल तर दप्तरें व रेनकोट. नवा कवितासंग्रह, नवें चरित्र, नवा वैचारिक ग्रंथ अशीं दोन-तीनशें पुस्तकें फळीवर मांडून गिऱ्हाइकाला तीं मनमुराद चाळूं देणारें दुकान शोधावयास निघालें, तर पायपीट पुष्कळ होते आणि हातीं थोडें लागतें. यांत दुकानदाराला दोष देण्याचें कारण नाहीं. जें खपतें तें तो ठेवतो. प्रश्न असा आहे, कीं जें खपत नाहीं तें कोणामुळें खपत नाहीं?

या जिल्ह्याला बाहेरच्या जगाशीं जोडण्याचें काम कोणी केलेंच नाहीं असें नाहीं. खामगांवचा कापूस मुंबईस लौकर पोहोंचावा म्हणून जलंबपासून खामगांवपर्यंत सुमारें १३ किलोमीटरांचा फांटा घालण्यांत आला, आणि १८७० सालीं खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनीं येऊन तो खुला केला. तेरा किलोमीटरांच्या रुळांसाठीं व्हाइसरॉय आला, कारण त्या रुळांवरून रुईच्या गांठी बाहेर जावयाच्या होत्या. गांठी गेल्या, त्यांच्या मागोमाग मुलेंहि गेलीं. कोणी पुण्यास, कोणी नागपुरास, कोणी समुद्रापलीकडे. दीडशें वर्षांचा हा व्यवहार एका वाक्यांत सांगतां येण्यासारखा आहे : येथून माल जातो, येथें ग्रंथ येत नाहीं.

माल म्हणजे केवळ कापूस असें मात्र कोणी समजूं नये. १८८१ सालीं सुरतेस विजयालक्ष्मी नांवाच्या एका तरुण विधवेला भ्रूणहत्येबद्दल शिक्षा झाली, आणि तें निमित्त करून एका पुणेरी पत्रानें समस्त स्त्रीजातीवर तोंडसुख घेतलें. त्याला सडेतोड उत्तर दिलें तें पुण्याच्या किंवा मुंबईच्या कोणा विदुषीनें नव्हे. तें दिलें बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं. त्यांची 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ सालीं पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यांत छापली गेली. प्रती ५००, किंमत नऊ आणे. जोतीराव फुल्यांनीं १८८५ सालच्या 'सत्सार'मध्यें ताराबाईंची बाजू उचलून धरली. त्यानंतर काय झालें? जवळजवळ नव्वद वर्षें तें पुस्तक सामान्य मराठी वाचकाच्या दृष्टीआड राहिलें. १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं तें पुन्हां प्रसिद्ध केलें, तेव्हां कोठें महाराष्ट्राला कळलें कीं आपल्या घरांत असें कांहीं होतें.

दुसरें उदाहरण याच मातीचें. मेहकरास राहून वकिली करणारे ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांच्या ध्वनिमुद्रिकेनें १९३० नंतरच्या दशकांत घरोघर नेली. पण त्याच नांवाचा संग्रह निघावयास १९५४ साल उजाडलें. पुढें 'खूणगाठी'ला १९८६ चें साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें आणि मेहकरचें नांव दिल्लीपर्यंत गेलें. गाणें वाऱ्यावर जातें. ग्रंथाला मात्र फळी लागते. टीकेनें ग्रंथ मरत नाहीं, उलट टीकेनें त्याचें आयुष्य वाढतें. तो मरतो तो, जेथें माणसाची नजर सहज पडेल अशी जागा त्याला न मिळाल्यानें. आज मेहकरच्या किंवा चिखलीच्या एखाद्या मुलीला ताराबाईंचें पुस्तक परीक्षेच्या यादीवांचून, केवळ फळीवर दिसलें म्हणून, हातांत घेतां येईल काय, हा माझा प्रश्न आहे. आणि या लेखांतील सगळा वाद त्या मुलीच्या वतीनें आहे.

गेल्या हिवाळ्यांत मी नेहमींप्रमाणें मुंबईस जाऊन आलों. बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मोटारीनें मलकापूर, तेथून रात्रींची गाडी, पहांटे दादर. दुकानें उघडावयास दहा वाजतात, तोंवर फलाटावर वर्तमानपत्र. मग स्थानकाच्या पश्चिमेस छबिलदास शाळेजवळचें आयडियल, शिवाजी मंदिरांतलें मॅजेस्टिक, दुपारीं हुतात्मा चौकाजवळचा किताबखाना. हा किताबखाना २०२० च्या डिसेंबरांत आगीनें होरपळला होता आणि २०२१ सालीं पुन्हां उभा राहिला. रात्रीं परतीची गाडी. एक दिवस शहरांत काढावयाचा तर दोन रात्री रुळांवर, असा हा हिशेब आहे. बरोबर पांच पुस्तकांची यादी होती. परत आलों तेव्हां पिशवींत नऊ पुस्तकें होतीं आणि यादींतलीं त्यांत दोनच होतीं.

या आंकड्यांतच पुस्तकाच्या दुकानाचें सारें रहस्य आहे. जें पुस्तक आपणांस ठाऊक आहे तें मागविण्यास दुकानाची गरज नाहीं. जें ठाऊक नाहीं तें भेटण्यास आहे. स्वतंत्र बाण्याचा पुस्तकविक्रेता निवड करून पुस्तकें मांडतो. इतिहासाशेजारीं प्रवासवर्णन ठेवतो, जुन्या कादंबरीच्या मांडीला मांडी लावून नवी बसवितो, आणि आपण एक पुस्तक उचललें कीं हलकेंच म्हणतो, "साहेब, हें घेतां आहांच, तर त्याच्या खालचेंहि एकदां पाहा." दादरच्या एका दुकानांत असेंच खालचें पुस्तक मीं ओढलें, आणि हातीं आली ती 'स्त्रीपुरुषतुलना'. बुलढाण्याची लेक मला भेटली ती बुलढाण्यापासून पांचशें किलोमीटरांवर. मित्राला ही हकीकत सांगितली तेव्हां तो म्हणाला, "काय योगायोग!" यांत योगायोग कसला? जो ग्रंथ जेथें लिहिणाऱ्याचें घर होतें तेथें सहजीं सांपडत नाहीं, तो परक्या शहरांत सांपडला यास व्यवस्थेचा अभाव म्हणतात.

आतां जे आक्षेप मला नित्य ऐकावयास मिळतात त्यांचा परामर्श घेतों.

पहिला आक्षेप घरपोंच पुस्तकाचा. भ्रमणध्वनीवर बोट टेकविलें कीं तिसऱ्या-चौथ्या दिवशीं पुस्तक दारांत येतें, मग दुकान हवें कशाला? याचें उत्तर वर येऊनच गेलें आहे. बोट टेकविण्यापूर्वीं पुस्तकाचें नांव ठाऊक असावें लागतें. ज्या घरांत चार पिढ्या ग्रंथ आहेत त्या घरच्या मुलाला तीं नांवें ठाऊक असतात. संग्रामपुरच्या किंवा लोणारच्या शेतकऱ्याच्या मुलीला तीं कोण सांगणार? यंत्र आपण मागें जें पाहिलें त्यासारखेंच पुढें दाखवितें. जिनें गाईड मागविलें तिला तें दुसरें गाईड दाखवील. विक्रेता मात्र मुलीच्या तोंडाकडे पाहतो आणि गाईडाबरोबर एखादें चरित्रहि पुढें सरकवितो. घरपोंच पुस्तकाची ही सोय ज्याच्याकडे आहे त्याला आणखी देणारी आहे; ज्याच्याकडे कांहींच नाहीं त्याला ती कोरडीच ठेवते.

दुसरा आक्षेप असा कीं लोक वाचीतच नाहींत. हा आक्षेप घेणाऱ्यांनीं शेगांवास जाऊन यावें. दासगणु महाराजांचा एकवीस अध्यायांचा 'श्रीगजाननविजय' ग्रंथ या जिल्ह्यांत कोणत्या घरीं नाहीं? जेथें माणसें येतात तेथें तो ठेवला जातो, परवडेल अशा किंमतींत मिळतो, आणि हातांत घेऊन पाहतां येतो. म्हणून तो जातो. श्रद्धा हें त्याचें मूळ आहे हें मला मान्य आहे, परंतु श्रद्धेलासुद्धां मांडणी लागते. स्पर्धापरीक्षेचीं पुस्तकें तर शेतमजुराचा मुलगाहि उसनवारी करून घेतो. लोक पुस्तकावर पैसे खर्च करीत नाहींत हें विधान म्हणूनच निखालस खोटें आहे. जें पुस्तक त्यांना कोणी दाखविलेंच नाहीं त्यावर ते खर्च करीत नाहींत, एवढेंच खरें आहे.

तिसरा आक्षेप वाचनालयांचा. राज्यांत १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, अ, ब, क, ड अशा वर्गवारीनें अनुदानप्राप्त वाचनालयें आहेत, आणि आमच्या बुलढाण्यास गर्दे वाचनालयासारखी जुनी संस्थाहि आहे. मग दुकानाचा हट्ट कां? वाचनालयांविषयीं मला आदर आहे, माझें निम्में शिक्षण त्यांनींच केलें. परंतु वाचनालयांतील पुस्तक परत द्यावयाचें असतें, आणि ज्या पुस्तकाच्या समासांत आपण लिहूं शकत नाहीं तें पुरतें आपलें होत नाहीं. शिवाय वाचनालय आणि दुकान हीं एकमेकांचीं प्रतिस्पर्धी नव्हत. वाचनालयांत गोडी लागते आणि दुकानांत संग्रह होतो. गांवांत दुकान नसलें कीं वाचनालयाच्या समितीलाहि पुस्तकें न पाहतां, यादीवरून, घाऊक भावानें, कोणा दूरच्या पुरवठादाराकडून घ्यावीं लागतात; मग कपाटांत जें येतें तें वाचकाकडे पाहून आलेलें नसतें, अनुदानाचें वर्ष संपत आलें म्हणून आलेलें असतें.

चौथा आक्षेप किंमतीचा, आणि येथें आपण मर्मस्थानीं येतों. "पुस्तकें फार महाग झालीं हो!" हें वाक्य मीं अशा माणसांच्या तोंडून ऐकलें आहे, ज्यांच्या घरीं रविवारचें बाहेरचें जेवण हजार-बाराशें रुपयांच्या खालीं होत नाहीं. हीच माणसें दुकानांत शिरतांच पहिला प्रश्न विचारतात, "सवलत किती?" हॉटेलांत त्यांनीं हा प्रश्न कधीं विचारला नाहीं, डॉक्टराला विचारला नाहीं, सराफाला विचारला तर घडणावळीपुरताच. पुस्तक ही एकच वस्तु अशी, जी छापील किंमतीस घेणें आमच्या सुशिक्षितांना अपमानास्पद वाटतें.

या एका प्रश्नानें काय होतें तें आंकड्यांत मांडूं. पुस्तकाची किंमत ३०० रुपये आणि विक्रेत्याचें कमिशन शेंकडा ३० असें धरूं. म्हणजे त्याच्या हातीं ९० रुपये राहतात. गिऱ्हाइकानें शेंकडा २० सवलत मागितली कीं ६० गेले, उरले ३०. या तीस रुपयांत जागेचें भाडें, विजेचा आकार, मुलाचा पगार, वाहतूक, आणि न खपलेल्या प्रतींचें नुकसान. पन्नास रुपयांची वही विकून त्याला जें सुखानें मिळतें तें तीनशेंच्या ग्रंथावर धडपडून मिळतें. मग त्यानें फळीवरून कविता उतरविली आणि कंपासपेटी चढविली, तर अरसिक कोण ठरला? विकणारा कीं विकत घेणारा?

यावर कोणी मुंबईच्या स्ट्रँड बुक स्टॉलचा दाखला देईल, आणि दाखला विचारांत घेण्याजोगा आहे. टी. एन. शानभाग यांनीं १९४८ सालीं स्ट्रँड चित्रगृहांतल्या लहानशा गाळ्यांत तो सुरू केला, पुढें फोर्टांत त्याचें नामांकित दुकान झालें, २००३ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली; आणि हें सर्व गिऱ्हाइकाला सढळ सवलत देऊन त्यांनीं साधलें. मग सवलतीनें दुकान मरतें कसें? माझें म्हणणें असें, कीं शानभागांची सवलत ही जाणत्या विक्रेत्यानें आपल्या ठोक खरेदींतून, आपल्या हिशेबानें दिलेली होती. परंतु सवलतीच्या लोभानें जुळलेलें गिऱ्हाईक अधिक सवलत दिसली कीं निघून जातें. यंत्रावरच्या बाजारानें वाटेल तो तोटा सोसून तशी सवलत दाखविली, आणि २०१८ च्या फेब्रुवारींत स्ट्रँड बंद झालें. त्या दिवसांत शहरभर हळहळ व्यक्त झाली. हळहळणाऱ्यांपैकीं कितीजणांनीं आदल्या वर्षीं तेथून बारा पुस्तकें घेतलीं होतीं, हें कोणी मोजलें नाहीं. तात्पर्य, ज्या शहरांत आमचे यात्रेकरू जातात त्या शहरांतलीं देवळेंहि ओस पडूं लागलीं आहेत. वर्षांतून एकदां येणाऱ्या यात्रेकरूवर कोणतेंहि दुकान जगत नाहीं. तें जगतें शेजाऱ्यावर, महिन्याच्या महिन्याला पायरी चढणाऱ्या माणसावर.

पुस्तकाच्या किंमतीचा हा घोळ इतर देशांनीं ओळखला आणि त्यावर उपायहि केले. फ्रान्समध्यें १९८१ सालीं कायदा झाला : नव्या पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवील, आणि कोणताहि विक्रेता, लहान असो कीं मोठा, शेंकडा ५ पेक्षां अधिक सवलत देणार नाहीं. घरपोंच पाठविणाऱ्या मोठ्या पेढ्या टपालखर्च जवळजवळ फुकट करून हा कायदा बगलेंत मारूं लागल्या, तेव्हां ३५ युरोंच्या आंतील मागणीवर निदान ३ युरो पाठवणावळ घेतलीच पाहिजे असा नियम २०२३ सालीं अमलांत आला. जर्मनींतहि ठराविक किंमतीची परंपरा जुनी असून २००२ पासून तिला स्वतंत्र कायद्याचा आधार आहे. उलट इंग्लंडांत १९०० सालापासून चालत आलेला ठराविक किंमतीचा करार १९९० नंतरच्या दशकांत मोडला, आणि पुढच्या वीस वर्षांत तेथील स्वतंत्र दुकानांची संख्या निम्म्याहून खालीं आली. इंग्रजी शिकलेल्या आमच्या पिढीनें इंग्लंडचें सगळें उचललें. आतां त्याची ही चूक तेवढी उचलूं नये.

आमच्या सरकारनें कांहींच केलें नाहीं असें मी म्हणणार नाहीं. छापील पुस्तकांवर वस्तु व सेवा कर नाहीं. २०१७ सालीं महाबळेश्वराजवळील भिलार हें पुस्तकांचें गांव म्हणून सजविण्यांत आलें. २०२४ च्या ३ ऑक्टोबरास मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत टपालखात्याची नोंदणीकृत पुस्तकटपालाची जुनी सवलत मात्र बंद झाली, आणि ओरड झाल्यावर २०२५ च्या १ मेपासून 'ज्ञान पोस्ट' नांवानें दुसरी सोय निघाली. पुस्तकाचें गांव एक असणें ही शोभा आहे. प्रत्येक गांवांत पुस्तक असणें ही गरज आहे. भाषेच्या अंगावर अभिजाततेची शाल घातली म्हणून तिच्या पोटांत अन्न जात नाहीं. १८८२ सालीं ताराबाईंच्या पुस्तकाच्या प्रती ५०० निघाल्या होत्या. आज कोट्यवधि साक्षरांच्या महाराष्ट्रांत पुष्कळशा ललित पुस्तकांची पहिली आवृत्ति पांचशें ते हजार प्रतींचीच असते. सव्वाशेंहून अधिक वर्षांत शाळा वाढल्या, पदव्या वाढल्या, पगार वाढले. आवृत्ति वाढली नाहीं. अभिजाततेचा जल्लोष करणाऱ्या प्रत्येक सभेंत हा एक आंकडा मोठ्या अक्षरांत लावून ठेवावा, अशी माझी सूचना आहे.

नुसती तक्रार करून थांबणें योग्य नव्हे, म्हणून उपाय सांगतों. ते मोठे नाहींत, आणि त्यांतील पहिला सोडून बाकीच्यांना विधिमंडळाची वाट पाहावयास नको.

एक, नव्या पुस्तकाच्या पहिल्या दोन वर्षांपुरता तरी ठराविक किंमतीचा कायदा व्हावा, आणि तो लहान दुकानदाराला व यंत्रावरच्या बाजाराला सारखाच लागू असावा. साहित्यसंमेलनांतून ठराव पुष्कळ होतात. त्यांत हा एक ठराव नेटानें व्हावा.

दोन, जिल्ह्यांतील महाविद्यालयांनीं व अनुदानप्राप्त वाचनालयांनीं आपल्या वार्षिक खरेदीचा निदान अर्धा भाग जिल्ह्यांतीलच विक्रेत्याकडून, प्रत्यक्ष पुस्तकें पाहून घ्यावा. खरेदी-समितीचे सभासद यादीवर सही करण्यापूर्वीं एकदां दुकानाची पायरी चढले, तर दुकान व समिति दोहोंचेंहि कल्याण होईल.

तीन, एस. टी. च्या तालुका स्थानकांवर एकेक गाळा कमी भाड्यानें केवळ पुस्तकांसाठीं राखून ठेवावा. व्हीलर कंपनीनें १८७७ पासून रेल्वेच्या फलाटावर पुस्तकें विकून हिंदुस्थानांतील प्रवाशाला वाचावयास लावलें, हा इतिहास आहे. जेथें माणूस तासभर मोटारीची वाट पाहतो तेथें चहा मिळतो, भेळ मिळते, भ्रमणध्वनीचें कव्हर मिळतें. पुस्तकानेंच काय पाप केलें आहे?

चार, आणि हा उपाय सर्वांत महत्त्वाचा : सुशिक्षित कुटुंबानें महिन्याला एक पुस्तक, आपल्याच गांवच्या दुकानांतून, छापील किंमतीस, सवलत न मागतां घ्यावें. येथें पुन्हां हिशेब करूं. एका तालुक्यांत अशीं २०० कुटुंबें निघालीं आणि प्रत्येकानें महिन्यास २५० रुपयांचें पुस्तक घेतलें, तर विक्री ५०,००० रुपयांची झाली, आणि शेंकडा ३० प्रमाणें दुकानदाराला १५,००० रुपये मिळाले. एवढ्यानें कोणी बंगला बांधणार नाहीं. परंतु वह्या-पेनांच्या दुकानांतली एक अख्खी भिंत साहित्याला द्यावयास हें उत्पन्न पुरेसें आहे. तेरा तालुक्यांचीं मिळून कुटुंबें झालीं २,६००. सव्वीस लाखांच्या जिल्ह्यांत हजार माणसांमागें एक कुटुंब! तालुक्याच्या गांवांतले प्राध्यापक, शिक्षक, वकील, डॉक्टर, बँकांतले अधिकारी व निवृत्त मंडळी मोजलीं, तर हा आंकडा पुरा करण्यास शेतकऱ्याच्या दारीं जावेंहि लागणार नाहीं. एवढेंहि ज्या वर्गाकडून होत नाहीं, त्यानें 'मराठीचें काय होणार' या विषयावर व्याख्यानें ऐकण्याचा हक्क गमावला आहे असें मला वाटतें.

माझ्या व्यवसायबंधूंना हें लागेल, आणि तें लागावें अशीच माझी इच्छा आहे. प्राध्यापकाच्या पगारांत महिन्याला एक ग्रंथ बसत नाहीं असें म्हणण्याचे दिवस केव्हांच गेले. वेतन आयोगांमागून वेतन आयोग आले, घरें झालीं, गाड्या झाल्या. पण कित्येक घरांतल्या कपाटांत आजहि दिसतात तीं पदवीच्या वेळचीं क्रमिक पुस्तकें आणि प्रकाशकानें अभिप्रायार्थ पाठविलेल्या भेटप्रती. विद्यार्थी आपल्या गुरूच्या हातांत काय आहे तें पाहतो. गुरूच्या हातांत नोट्स असल्या तर तो नोट्स मागतो, गुरूच्या हातांत नुकतेंच विकत घेतलेलें पुस्तक असलें तर, "सर, हें कोठें मिळतें?" असें विचारतो. या प्रश्नाला आज आमचें उत्तर आहे, "मुंबईस." हें उत्तर बदलून "त्या कोपऱ्यावर" असें झालें पाहिजे.

शहरांतल्या दुकानांत एकट्यानें घालविलेला दिवस सुखाचा असतो, हें मी नाकारीत नाहीं. ज्यांना पगार आहे, सुटी आहे, गाडींतली राखीव जागा आहे, त्यांनीं तें सुख अवश्य घ्यावें. परंतु ज्या मुलीला घरून दोन रात्रींच्या प्रवासाची परवानगी मिळत नाहीं, जिच्या हातीं बसच्या पासाखेरीज प्रवासाचें दुसरें साधन नाहीं, तिच्यापर्यंत दादर चालत येणार नाहीं. ताराबाईंनीं बुलढाण्यांत बसून जो प्रश्न सगळ्या महाराष्ट्राला विचारला, त्याचें पुस्तक बुलढाण्याच्याच मुलीला कोपऱ्यावर मिळूं नये, याला दैव जबाबदार नाहीं, सरकारहि सर्वस्वीं जबाबदार नाहीं. तीनशें रुपयांच्या पुस्तकावर साठ रुपये वांचविणारे जे आपण, त्यांनीं ते साठ रुपये कोणाच्या खिशांतून काढले याचा हिशेब आज ना उद्यां द्यावाच लागेल.